मुलांकडून वेबसाइट करून घेताना

वर्गातला वेबसाइटचा प्रकल्प सहसा कोडमुळे फसत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाताला दहा-बारा टॅग, म्हणजे पानाचा कुठला भाग काय आहे ते ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा, दोन-तीन तासिकांत बसतात. गाडी अडते ती दुसऱ्याच दोन ठिकाणी. पानावर टाकायला स्वतःचं असं काही नसतं, आणि फाइल कुठे ठेवली, तिला काय नाव दिलं याचा पत्ता नसतो. म्हणून खालच्या आखणीत या दोन गोष्टींना भरपूर वेळ ठेवलाय आणि रंगरंगोटीला मुद्दाम कमी.

हिशेब असा धरलाय: ४० मुलं, ४० ते ४५ मिनिटांच्या १२ तासिका, किमान १४ चालू संगणक. तिघांचा एक गट, एक गट चौघांचा, म्हणजे १३ गट. चौदावा संगणक शिक्षकाकडे राखीव, कारण एखादं यंत्र ऐन वेळी रुसतंच. टॅगची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

साधन कोणतं

हाताने लिहिलेलं एचटीएमएल (पानाचा सांगाडा आणि मजकूर) आणि सीएसएस (पानाचं दिसणं), बस्स. एडिटर, म्हणजे कोड टाइप करायचं सॉफ्टवेअर, म्हणून व्हीएस कोड उत्तम. जुन्या संगणकांना तो झेपत नसेल तर नोटपॅड प्लस प्लस. ब्राउझर कुठलाही चालेल, पण सगळ्या वर्गाने एकच वापरावा, म्हणजे "माझ्याकडे वेगळं दिसतंय" या तक्रारीचं मूळ शोधणं सोपं जातं.

वर्डप्रेस, म्हणजे तयार साच्यांतून साइट उभी करणारं सॉफ्टवेअर, या वयात नको. त्याला डेटाबेस लागतो, अपडेट लागतात, पासवर्ड सांभाळावे लागतात, आणि मुलांचा अर्धा वेळ थीम निवडण्यात जातो. हाताशी फक्त चार तासिका असतील तर मात्र गुगल साइट्सवर काम करून घ्या. त्यात मजकुराची मांडणी आणि पानांची रचना मुलं नीट शिकतात. पान आतून कसं बनतं ते मात्र शिकत नाहीत, हे ठरवूनच तो रस्ता धरायचा.

पहिली तासिका: उघडून बघणं आणि अकरा ओळी

सुरुवात सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या, म्हणजेच जगातल्या पहिल्या, वेबसाइटने करा. टिम बर्नर्स-ली यांनी केलेली ती साइट १९९१ मध्ये बाहेरच्या जगासाठी खुली झाली आणि सर्नने तिची प्रत आजही जालावर ठेवली आहे. पडद्यावर ती उघडा आणि कंट्रोल व यू एकत्र दाबा. आतला मजकूर आणि टॅग सरळ दिसतात. चित्र नाही, रंग नाही, फक्त शब्द आणि लिंका. तरीही तीस वर्षांहून जुनं हे पान आजच्या फोनवर उघडतं. मग एखादी आजची बातम्यांची साइट तशीच उघडून दाखवा. हजारो ओळींच्या त्या जंगलातही पी (परिच्छेद), ए (लिंक), एच-वन (मुख्य शीर्षक) हेच टॅग दिसतात, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं की भीती निम्मी होते.

नंतर प्रत्येक गटाने अकरा ओळींचा सांगाडा स्वतः टाइप करायचा, कॉपी-पेस्ट बंद. पहिली ओळ डॉकटाइप, म्हणजे ही फाइल एचटीएमएलची आहे ही घोषणा. दुसरी एचटीएमएल टॅग, त्यात भाषा म्हणून मराठीचा संकेत 'एमआर'. मग हेड, त्याच्या आत सगळ्यात आधी कॅरसेट यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत सांगणारी ओळ), मग व्ह्यूपोर्टची ओळ (पान पडद्याच्या रुंदीइतकं धरायला सांगणारी), मग टायटल. हेड बंद. बॉडी, तिच्यात एक एच-वन. बॉडी आणि एचटीएमएल बंद.

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे आणि ते दाखवून द्यावं लागतं. कॅरसेटची ओळ गाळली तर मराठी मजकुराच्या जागी टोपीवाल्या रोमन अक्षरांची रांग उमटू शकते. ही ओळ फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत असायला लागते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणून आधी कॅरसेट, मग लांबलचक मराठी टायटल, हा क्रम. व्ह्यूपोर्टची ओळ नसेल तर फोन ते पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी. भाषेचा संकेत डोळ्यांना दिसत नाही, पण पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरून मराठी उच्चार निवडतं.

इथे पहिला ठरलेला घोळ होतो. विंडोज मुळातच फाइलीचं शेपूट लपवून ठेवतं. मूल नोटपॅडमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नावाने सेव्ह करतं, आणि फाइल प्रत्यक्षात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' बनते. ब्राउझरमध्ये मग पान दिसायच्या ऐवजी टॅगच दिसतात. त्यामुळे तासिकेच्या आधीच सगळ्या संगणकांवर फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करून ठेवा. चौदा यंत्रांना दहा मिनिटं लागतात. न केल्यास ती दहा मिनिटं दर तासिकेला जातात.

फाइलींची शिस्त

प्रत्येक गटाचा एकच फोल्डर: 'गट' आणि क्रमांक. त्यात इंडेक्सची फाइल, स्टाइलची सीएसएस फाइल, प्रत्येक मुलाच्या पानाची एक फाइल आणि 'इमेजेस' नावाचा उपफोल्डर. याहून जास्त काही नको.

नावांचे नियम फळ्यावर कोपऱ्यात लिहून प्रकल्प संपेपर्यंत पुसू नका. इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच. मोकळी जागा नाही, कारण पत्त्यात तिची जागा टक्का-वीस घेतं आणि लिंक लिहिताना चुकते. देवनागरी नावंही नकोत. ती चालतात, पण पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते. पानाच्या आत मराठी हवं तेवढं लिहा, फाइलीच्या नावात नको.

लहान-मोठ्या अक्षरांचा नियम सर्वांत महागात पडतो, कारण तो मोडल्याचं शेवटपर्यंत कळत नाही. फोटोची फाइल मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' अशी आहे आणि कोडमध्ये लहान अक्षरांत लिहिलंय. विंडोजला दोन्ही सारखंच, त्यामुळे शाळेत फोटो झकास दिसतो. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि तिथे या दोन वेगळ्या फाइली. साइट प्रकाशित झाली की नेमक्या पालकांना दाखवताना फोटोच्या जागी मोडकी चौकट.

दुसरा नेहमीचा सापळा पत्त्याचा. काही मुलं फोटोचा पत्ता फाइल एक्स्प्लोररमधून उचलतात. तो 'सी' ड्राइव्हपासून सुरू होतो आणि त्यात उलट्या तिरक्या रेघा असतात. असा पत्ता त्या एकाच संगणकापुरता खरा असतो. पत्ता नेहमी आपल्या पानापासून मोजायचा: 'इमेजेस', सरळ तिरकी रेघ, फाइलीचं नाव. चाचणी सोपी आहे. गटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा, शेजारच्या संगणकात लावायचा आणि तिथूनच उघडायचा. तिथे चाललं तर पत्ते बरोबर. ही चाचणी पाचव्या तासिकेपासून दर आठवड्याला घ्या.

संगणक कक्षांबद्दल एक सावधगिरी: काही ठिकाणी रीस्टार्ट झाल्यावर यंत्र मूळ स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. डेस्कटॉपवर ठेवलेलं काम दुसऱ्या दिवशी नाहीसं. आधी चौकशी करा, आणि तसंही शेवटची चार मिनिटं राखून ठेवा: फोल्डरची झिप, नावात तारीख, एक प्रत गटाच्या पेनड्राइव्हवर, एक शिक्षकाकडे.

दुसरी तासिका: रिकामी साइट प्रकाशित करा

प्रकाशन शेवटासाठी ठेवायची सवय चुकीची आहे. शेवटच्या दिवशी तेरा गटांच्या तेरा अडचणी एकदम अंगावर येतात. दुसऱ्याच तासिकेला, पानावर फक्त शीर्षक असताना, साइट चढवा. आपलं एक वाक्य दुसऱ्याच्या फोनवर उघडलेलं पाहिलं की मुलांची कामावरची पकडही बदलते.

गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या गिटहब पेजेस सेवेवर साइटसाठी फुकट जागा मिळते. खातं उघडायला किमान वय १३ आहे, त्यामुळे आणि पासवर्डांच्या गोंधळामुळेही, शिक्षकाचं एकच खातं ठेवून त्यात प्रत्येक गटाचा फोल्डर करणं सोयीचं. ब्राउझरमधून फाइली ओढून टाकता येतात; एका वेळी १०० फाइली आणि दर फाइल २५ एमबीपर्यंत. बदल साइटवर दिसायला कधी मिनिट लागतं, कधी दहा मिनिटं. तोवर मुलं घाईने पाच वेळा चढवतात आणि मग कोणती प्रत खरी तेच कळेनासं होतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवा. फाइल बदलूनही जुनंच पान दिसत असेल तर ब्राउझरने साठवलेली प्रत समोर येते आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून ताजं पान मागवा. आणखी एक लक्षात असू द्या: तिथून पुसलेली फाइल इतिहासात शिल्लक राहते. "नंतर काढून टाकू" म्हणून कोणाचा फोटो किंवा फोन नंबर चढवू नका.

शाळेत इंटरनेट नसेल तरी अडत नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवलेल्या एका संगणकावर तिचा अंगचा छोटा सर्व्हर (पानं पुरवणारा प्रोग्राम) सुरू करता येतो; वेगळं काही सांगितलं नाही तर तो ८००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, उभा राहतो. त्याच वायफायवरचे फोन आणि संगणक त्या यंत्राचा आयपी पत्ता (जाळ्यातला त्याचा क्रमांक) आणि पोर्ट टाकून साइट बघू शकतात. न दिसल्यास दोन संशयित: एक तर विंडोजच्या फायरवॉलने विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी 'नाही' म्हटलंय, नाहीतर वायफायच्या राउटरने उपकरणांना एकमेकांशी बोलायला मनाई केली आहे. दुसऱ्या बाबतीत फोनचा हॉटस्पॉट लावून काम भागतं. पायथनचा हा सर्व्हर वर्गापुरताच. बाहेरच्या जगाला जोडण्यासाठी तो नाही.

तिसरी आणि चौथी: संगणक बंद, कागद समोर

विषय निवडताना एकच प्रश्न विचारा: हे आधीच कुठे वाचायला मिळतं का? मिळत असेल तर विषय बाद. 'सूर्यमाला', 'प्रदूषण', 'संगणकाचा इतिहास' यांवर मुलं कॉपी-पेस्टच करणार, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं वेगळं काही नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. याउलट शाळेच्या आवारातली झाडं, ग्रंथालयातली मुलांना आवडलेली पुस्तकं, आजी-आजोबांच्या तोंडचे आता न ऐकू येणारे शब्द, नव्या विद्यार्थ्याला शाळेची ओळख, हे सगळं या मुलांनी लिहिल्याशिवाय जगात कुठेच नसतं.

झाडांचंच उदाहरण पुढे चालवू. गटात तिघं, प्रत्येकाकडे चार झाडांचं एक पान, आणि तिघांचं मिळून मुखपृष्ठ. एकूण चार पानं. प्रत्येक झाडासाठी स्वतः काढलेला फोटो, जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेपने मोजलेला बुंध्याचा घेर, आवारात ते नेमकं कुठे आहे, आणि स्वतः पाहिलेल्या तीन गोष्टी. ६० ते ८० शब्द पुरेत. "झाडे लावा झाडे जगवा" छापाची वाक्यं इथेच लाल शाईने खोडा. "या झाडाच्या ढोलीत पोपटांचं घरटं आहे, पण ते फक्त तिसऱ्या मजल्यावरून दिसतं" असं वाक्य आलं की समजायचं, मूल खरंच झाडाजवळ जाऊन आलंय.

पानांची रेखाटनं एफोर कागदावर, प्रत्येक पानाला एक कागद. पेन्सिलीने फक्त चौकटी: शीर्षक, मेनू, मजकूर, फोटो. दुसऱ्या पानावर जाणारी लिंक जिथे आहे तिथून प्रत्यक्ष दोरा काढून त्या कागदावर चिकटवा. एखाद्या कागदाकडे दोरा येतच नसेल तर त्या पानावर वाचक पोचणार नाही. एखाद्यातून परतीचा दोराच नसेल तर वाचक तिथे अडकला. पडद्यावर हे समजावायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात कळतं.

पाचवी आणि सहावी: एचटीएमएल

एवढे टॅग पुरतात: एच-वन, एच-टू (उपशीर्षक), पी, ए, आयएमजी (चित्र), यूएल (यादी), एलआय (यादीतली एक नोंद), आणि पानाची विभागणी सांगणारे हेडर, नॅव्ह, मेन, फूटर. एच-वन पानावर एकदाच. अक्षर मोठं हवं म्हणून मुलं एच-वन कुठेही वापरतात. शीर्षक म्हणजे पुस्तकातल्या प्रकरणाचं नाव, आकार नंतर सीएसएस ठरवेल, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

लिंकवर "इथे क्लिक करा" लिहू देऊ नका. पडदा वाचणारं सॉफ्टवेअर वापरणारी व्यक्ती बरेचदा फक्त लिंकांची यादी ऐकते. तिला सहा वेळा "इथे क्लिक करा" ऐकून काय कळणार? "मैदानाकडची झाडं" अशी लिंक असावी.

मजकूर वर्ड किंवा व्हॉट्सअॅपमधून आणला तरी चालेल, पण कोड तिथून आणला की अवतरणचिन्हं वाकडी होतात. एडिटरमधली सरळ चिन्हं आणि ही वाकडी चिन्हं दिसायला जवळपास सारखी, काम मात्र वेगळं; लिंक मोडते आणि मुलं अर्धा तास नावच तपासत बसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आला तर तो पानावर निव्वळ रोमन कचरा म्हणून उमटतो. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही, युनिकोडमध्ये रूपांतर करावंच लागतं. टायपिंग संथ असेल तर फोनवर बोलून टाइप करा आणि मग जोडाक्षरं तपासा.

तिघांपैकी एकच मूल सगळं टाइप करतं, हा गटकामाचा जुना रोग. दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड बदला, घड्याळ लावून. ज्याच्या हातात कीबोर्ड नाही त्यातला एक चुका वाचतो, दुसरा कागदावरचं रेखाटन बघून पुढचं सांगतो. स्वतःचं पान मात्र ज्याचं त्यानेच लिहायचं. त्याने गुण देणंही सोपं होतं.

सातवी: फोटो

फोनवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेल असतो आणि फाइल साधारण ३ ते ५ एमबीची. बारा झाडं म्हणजे ४०-५० एमबी. कोडमध्ये रुंदी ४०० लिहिली की फोटो छोटा दिसतो, उतरवावा मात्र पूर्णच लागतो. हा फरक दाखवायला एफ१२ दाबून नेटवर्कचा पट्टा उघडा आणि पान ताजं करा. प्रत्येक फाइलीचं वजन समोर येतं. मग स्क्वूश हे ब्राउझरमधलं साधन किंवा गिंप वापरून रुंदी १२०० पिक्सेल आणि गुणवत्ता ७५-८० ठेवा. फाइल सहसा १५० ते ३०० केबीवर येते. वर्गाचा नियम: ३०० केबीच्या वर एकही चित्र नाही. झाडाच्या पानांचे, गवताचे बारीक तपशीलवाले फोटो हट्टी असतात. त्यांना १००० पिक्सेल रुंदीवर आणा.

आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारचे असू शकतात, आणि ते बहुतेक ब्राउझर दाखवत नाहीत. फाइलीचं शेपूट बदलून जेपीजी केलं म्हणजे रूपांतर झालं असं नव्हे. साधनातून खरंच बदलून घ्या. फोनच्या फोटोत काढल्या जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. विंडोजमध्ये फाइलीच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये ती नोंद दिसते आणि तिथूनच काढताही येते.

प्रत्येक चित्राला अल्ट, म्हणजे पर्यायी, मजकूर हवा: चित्र न दिसणाऱ्याला फोनवर सांगाल तसं एक वाक्य. "झाड" हे अल्ट नव्हे. "कुंपणावर झुकलेलं वडाचं झाड, पारंब्या जमिनीला टेकलेल्या" हे अल्ट. चित्र नुसतं सजावटीचं असेल तर अल्ट लिहायचं पण रिकामं ठेवायचं, म्हणजे सॉफ्टवेअर ते सोडून पुढे जातं.

बाहेरचं चित्र घ्यावंच लागलं तर विकिमीडिया कॉमन्सवरून. "गुगलवरून घेतला" हे श्रेय नाही. गुगल नुसता रस्ता दाखवतं. चित्राखाली चार गोष्टी: नाव, कर्ता, मूळ ठिकाण, परवाना. परवान्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज) ही अक्षरं असतील तर बदललेलं चित्र पुढे देता येत नाही, तेव्हा मुलांनी ते चित्र टाळलेलंच बरं.

माणसांच्या फोटोंबाबत सगळ्यात सोपा नियम म्हणजे ते घ्यायचेच नाहीत. अगदी लागले तर पालकांची लेखी परवानगी. मुलांची फक्त पहिली नावं, वर्ग-तुकडी नाही, फोन-ईमेल नाही.

आठवी आणि नववी: सीएसएस

एकच स्टाइल फाइल, सगळ्या पानांना जोडलेली. आधी पाच नियम, आणि तेवढ्याने पान बऱ्यापैकी दिसू लागतं: मजकुराची कमाल रुंदी ७०० पिक्सेल आणि तो मधोमध, अक्षर १८ पिक्सेल, दोन ओळींतलं अंतर १.७, चित्राची कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ऑटो, मागचा रंग व अक्षराचा रंग. चित्राच्या नियमामुळे फोनवर फोटो पडद्याबाहेर पळत नाहीत, आणि मजकुराची रुंदी फक्त कमाल ठरवलेली असल्यामुळे वेगळी फोन-आवृत्तीही लागत नाही.

इंग्रजीतली उदाहरणं जशीच्या तशी उचलली तर देवनागरी बिघडते. ओळींतलं अंतर १.२ ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत घुसतात. अक्षरांतलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द कंगव्यासारखा दिसतो; ते शून्यच ठेवा. तिरप्या अक्षरांची हौसही इथे नको, भर द्यायचा तर ठळक करा. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. जालावरून घेतलेला फॉन्ट इंटरनेट नसताना येणार नाही, तेव्हा पर्यायात सान्स-सेरिफ लिहून ठेवा. विंडोजकडे निर्मला यूआय आहे, तो वेळ मारून नेतो.

सीएसएसच्या चुका गुपचूप होतात, पान काही तक्रार करत नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरला तर ती ओळ आणि पुढची ओळ, दोन्ही वाया जातात. म्हणून "रंग लागत नाही" म्हटल्यावर वरची ओळ बघायची. महिरपी कंस बंद केला नाही तर तिथून पुढचा बराच भाग गळतो. स्टाइलच लागली नाही तर एफ१२ च्या नेटवर्कमध्ये सीएसएस फाइलीपुढे ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही' याचा संकेत, दिसतंय का ते पाहा. असेल तर नाव किंवा पत्ता चुकलाय.

तिघांत स्टाइल फाइल एक, ही भांडणाची जागा. दोघांनी आपापल्या प्रतीत बदल केले, की नंतर सेव्ह करणाऱ्याने पहिल्याचं काम पुसलं. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून त्यावर 'स्टाइल' लिहा आणि गटाच्या टेबलावर ठेवा. तो ज्याच्या हातात, त्यानेच ती फाइल उघडायची. आवृत्ती सांभाळणारी सॉफ्टवेअरं शिकवण्याआधी हा तुकडा पुष्कळ काम करतो.

रंग तिनाहून जास्त नकोत, आणि अक्षर व मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक मोजून पाहायचा. वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षराला ३ ला १ एवढा फरक हवा. पांढऱ्यावर हॅश ९९९९९९ हा राखाडी जेमतेम २.८५ ला पोचतो. हॅश ७६७६७६ पर्यंत गडद केला की ४.५ ओलांडतो. पिवळ्यावर पांढरं लिहिणारा गट हमखास निघतो. त्यांना तेच पान प्रोजेक्टरवर दाखवा.

दहावी आणि अकरावी: दुसऱ्यांच्या हातात

दहाव्या तासिकेला प्रत्येक पान डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन तपासनिसातून काढा. तीस चुका दाखवल्या तरी घाबरू नका. वरून पहिली दुरुस्त करून पुन्हा तपासायची, कारण एक न मिटलेला टॅग खालच्या दहा चुका पैदा करतो. मग फोनवर पान उघडा, एकदा आडवं एकदा उभं. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळीने सगळ्या लिंकांवर जाता येतं का ते बघा.

अकराव्याला दुसऱ्या वर्गातली मुलं बोलवा, प्रत्येक गटासाठी दोन. त्यांना तीन कामं लिहून द्या, उदाहरणार्थ "सगळ्यात जाड बुंध्याचं झाड शोध". साइट करणाऱ्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं फार जड जातं, पण "अरे, तो वरचा मेनू दाब ना!" असं म्हटलं की चाचणी संपली. पाहुणा कुठे थांबला, काय दाबलं, काय पुटपुटला एवढंच टिपायचं. पाहुणे जिथे दोघंही अडखळले ते आधी दुरुस्त.

गुण आणि तोंडी परीक्षा

५० गुण असे: मजकूर १५, साइट चालणं आणि फाइलींची शिस्त १०, फोन व सुगम्यता १०, श्रेय आणि परवाने ५, तोंडी १०. दिसण्याला वेगळे गुण ठेवलेले नाहीत. ठेवले की वर्गात फिरत्या अक्षरांचा आणि चकाकणाऱ्या पार्श्वभूमीचा पूर येतो.

तोंडी वैयक्तिक, दर मुलाला तीन मिनिटं. ४० मुलांचे १२० मिनिटं होतात, म्हणजे जवळपास तीन तासिका. त्या वेगळ्या मिळणार नाहीत. म्हणून नवव्या तासिकेपासून बाकीचे काम करत असताना दर वेळी दहा जणांना राखीव संगणकावर बोलवा. स्वतःच्या पानावर छोटा बदल करायला सांगा: या शीर्षकाचा रंग बदल, इथून मुखपृष्ठावर लिंक दे. त्याहून चांगली युक्ती म्हणजे मूल बघत नसताना फोटोच्या पत्त्यातलं एक अक्षर बदलायचं आणि "फोटो का गेला ते शोध" म्हणायचं. काम झाल्यावर मूळ अक्षर परत घातलंय ना, तेवढं पाहा.

चॅटबॉटकडून कोड लिहून आणण्यावर बंदी घातली तर ती पाळली जाणार नाही. त्याऐवजी नियम ठेवा: जी ओळ समजावून सांगता येत नाही ती फाइलीत नको. फ्लेक्स, ग्रिड (सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धती), जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारी भाषा), काय हवं ते आणा, पण तोंडीला मी त्याच ओळीवर बोट ठेवणार. पहिल्या दहा जणांची तोंडी झाली की बातमी वर्गभर पसरते आणि फाइली आपोआप आखूड होतात.

बारावी तासिका दुरुस्त्या आणि शेवटचं प्रकाशन यांसाठी. फूटरमध्ये महिना आणि वर्ष टाका, नाहीतर दोन वर्षांनी कोणी ते घेर आजचे समजेल. साइट किती दिवस ठेवायची आणि कोण काढणार हे त्याच दिवशी ठरवून शिक्षकाच्या वहीत लिहा. प्रत्येक मुलाला गटाच्या फोल्डरची झिप द्या. ती घरी कुठल्याही संगणकावर, इंटरनेट नसतानाही उघडते. पुढच्या वर्षीच्या तुकडीला हीच झिप देऊन तेच बुंधे पुन्हा मोजायला लावता येतात.